ऑलिंपस मॉन्स चढायचा असेल, तर आधी परतीचा हिशोब मांडा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मंगळावरच्या ऑलिंपस मॉन्सवर एक नागपूरकर मुलगी चढते, अशी विज्ञानकथा तुम्ही लिहिताय. डोंगर एव्हरेस्टच्या जवळपास अडीच पट उंच, पण गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जेमतेम ३८ टक्के. मग चढाई सोपी जाईल की अवघड? दिवस किती लागतील? आणि तिला अडवेल असं नेमकं काय आहे? रामटेकच्या गडापलीकडे आपण काही चढलेलो नाही, हेही तुम्ही मोकळेपणाने सांगितलंय.

मी नागपुरात प्रस्तरारोहण शिकवते आणि हिमालयातल्या मोहिमांवर जात आले आहे. मंगळाबद्दलचं माझं ज्ञान वाचनातलं आहे. डोंगरावर माणूस कुठे दमतो, कुठे घाबरतो आणि कुठे हट्टाला पेटतो, हे मात्र जवळून पाहिलेलं आहे. म्हणून उत्तर त्या बाजूने देते.

तुमच्या प्रश्नातला सगळा भर उंचीवर आहे. माझ्या मते त्या डोंगरावर उंची हा सगळ्यात कमी त्रासाचा भाग आहे. तिथला खरा प्रश्न एवढाच, की तुमची नायिका हवेच्या सुरक्षित जागेपासून किती लांब जाऊ शकते आणि तिथून परत येऊ शकते का. हे एकदा पटलं की कथेचे बाकीचे निर्णय आपोआप सुटत जातील.

काही गोष्टी तुम्ही काय ठरवता त्यावर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. मंगळावर वस्ती आहे की ही पहिलीच माणसं आहेत? आतून हवा भरलेली गाडी सोबत आहे का? चढाई कोणत्या बाजूने आहे? गाडी थेट वरपर्यंत जात असेल, तर ती सहल झाली. मी असं धरते, की जवळपास एक छोटी वस्ती आहे, तिघांची तुकडी पायी निघाली आहे आणि वाटेत काही ठिकाणी सामान आधीच टाकून ठेवलं आहे.

आता डोंगराचा आकार बघा, कारण बहुतेक कथांमध्ये तिथेच घोटाळा होतो. आपल्या मनात डोंगर म्हणजे टोकदार शिखर. ऑलिंपस मॉन्स तसा नाही. तो पातळ लाव्हा थरावर थर साचून पसरलेला ज्वालामुखी आहे. उंची सुमारे २२ किलोमीटर, पण पायथ्याचा व्यास सुमारे ६०० किलोमीटर. म्हणजे पायथ्यापासून मध्यापर्यंतचं अंतर नागपूर ते लोणार सरळ रेषेत मोजलं तर जेवढं भरेल तेवढं. सरासरी उतार पाच अंशांच्या आसपास. पायांना चढ कळेल, डोळ्यांना कळणार नाही.

त्यात मंगळ लहान आहे, त्याची त्रिज्या सुमारे ३३९० किलोमीटर. तीनशे किलोमीटरच्या अंतरात जमीन गोलाईमुळे सुमारे १३ किलोमीटर खाली वळते. उरलेलं जे दिसलं असतं ते पायथ्याचा कडा झाकतो, कारण डोंगराच्या कडेला काही ठिकाणी आठ किलोमीटरपर्यंत उंच कडा आहे. तेव्हा नायिकेने पायथ्याशी उभं राहून शिखराकडे टक लावून बघितलं, असं वाक्य लिहिलं असेल तर काढून टाका. तिथून शिखर दिसतच नाही. माणसाच्या उंचीवरून सपाट मैदानात क्षितिजसुद्धा साडेतीन किलोमीटरच्या आतच संपतं.

गिर्यारोहकाच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नाही. माझ्या अनुभवात लोक उंचीला जितके खचत नाहीत, तितके न दिसणाऱ्या शिखराला खचतात. एक उंचवटा चढून गेलं की पुढे दुसरा, त्यापुढे तिसरा. हिमालयात हे एखाद्या दिवसापुरतं असतं. तिथे ते पंधरा-वीस दिवस चालेल, एकसारख्या लालसर-करड्या उतारावर. नायिकेचं मन कशाने मोडेल असं विचाराल, तर मी वादळाच्या आधी हे सांगेन.

आता उंचीबद्दल. पृथ्वीवर उंची त्रास देते ती हवा हळूहळू विरळ होत जाते म्हणून. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश असतो. म्हणून आम्ही तीन हजार मीटरच्या वर गेलो की रोजचा मुक्काम आदल्या दिवशीपेक्षा फार वर नेत नाही, वर जाऊन खाली येऊन झोपतो, शरीराला सवय लावत नेतो. मंगळावर ही सगळी शिस्त गळून पडते. तिथे सरासरी दाब सहा मिलिबारच्या आसपास, आपल्या समुद्रसपाटीच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि त्यातही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. माथ्यावर तो एक मिलिबारच्याही खाली जातो. पण पायथ्याशीच माणूस दाबाच्या पोशाखाशिवाय जगू शकत नाही, त्यामुळे सहाचा एक झाला तरी शरीराला फरक पडत नाही. पोशाखातला दाब खालपासून वरपर्यंत तोच राहतो. माथ्यावर तिला धाप लागली, डोकं दुखलं, भास झाले असं लिहिणार असाल, तर त्याचं कारण पोशाखातला बिघाड असायला हवं. उंचीच्या नावावर ते खपवता येणार नाही.

गुरुत्वाकर्षणाचं काय? इथे एक छोटा हिशोब करा. मुलगी ५५ किलोची धरा. चंद्रावर वापरलेला अपोलोचा पोशाख, पाठीवरच्या हवा-पाण्याच्या यंत्रणेसह, शंभर किलोच्या आत-बाहेर होता. दोन्ही मिळून दीडशेच्या वर. त्याचे ३८ टक्के म्हणजे साठच्या आसपास. म्हणजे तिच्या पायांवर जवळजवळ तेवढाच भार येतो, जेवढा सीताबर्डीच्या बाजारात मोकळं फिरताना येतो. कमी गुरुत्वाकर्षणाचा सगळा फायदा पोशाख खाऊन टाकतो. उड्या मारत डोंगर चढणारी नायिका विसरा.

उलट एक धोका वाढतो. वजन कमी झालं तरी दीडशे किलोचं वस्तुमान तेवढंच राहतं. चालताना वेग आला की थांबण्यासाठी लागणारी पकड वजनातून मिळते, आणि ती ३८ टक्क्यांवर आलेली असते. त्याच वेगाने घसरलात तर थांबायला पृथ्वीच्या अडीच पटीहून जास्त अंतर लागेल. शिवाय चालण्याची लयही बदलते. इथे आपण ताशी सातेक किलोमीटरच्या वर गेलो की पाय आपोआप धावायला लागतात. मंगळावर तो टप्पा साडेचार किलोमीटरच्या आसपासच येतो. म्हणजे ती नुसती घाईने चालायला गेली तरी लांब टांगा टाकत तरंगल्यासारखी पुढे जाईल, आणि खडी पसरलेल्या उतारावर तसं जाणं मी माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला करू देणार नाही. घसाऱ्यावर अपघात होतात ते बहुतेक उतरताना आणि बहुतेक थोड्या जास्तीच्या वेगामुळे. तिची चाल मुद्दाम संथ ठेवा.

पोशाखाबद्दल अजून एक गोष्ट. लोकांना वाटतं मंगळावर थंडीने मरायला होईल. सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास आहे, ते खरंच. पण इतक्या विरळ हवेत थंडी अंगातली ऊब पटकन काढून घेऊ शकत नाही. ती बुटांच्या तळव्यातून, हातात धरलेल्या धातूतून आणि सावलीत बराच वेळ स्थिर उभं राहिल्यावर शिरते. चढताना मात्र शरीर उष्णता तयार करतं आणि बंद पोशाखातून ती बाहेर जायला जागा नसते. म्हणूनच अपोलोच्या अंतराळवीरांच्या आतल्या कपड्यांतून थंड पाण्याच्या बारीक नळ्या फिरवल्या होत्या. तुमच्या नायिकेला चढावर त्रास होईल तो उकाड्याचा. नागपूरचा मे महिना काढलेल्या मुलीला ते ओळखीचं वाटेल, फक्त तिथे कपाळावरचा घाम पुसायला हात काचेच्या आत पोचणार नाही.

आणि हात. माझं सगळं शिकवणं शेवटी हातांपाशी येतं, म्हणून इथे जरा थांबते. हिमालयात जाड मिटन, म्हणजे चार बोटं एकत्र राहणारा हातमोजा, घालून स्क्रू कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची स्क्रूने बंद होणारी कडी, बंद करताना काय होतं ते सांगते. बोटांना स्क्रूच्या रेघा लागत नाहीत. आपण फिरवतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात मिटनचं कापड त्याच्यावरून नुसतं घसरत असतं. म्हणून नवख्यांना मी शिकवते, की कॅराबिनर बंद झाला असं वाटणं पुरेसं नाही, दाबून बघा आणि डोळ्यांनी बघा. हवेचा दाब भरलेला हातमोजा याहून कितीतरी वाईट. तो फुगलेला असतो, दर वेळी मूठ वळताना त्या दाबाविरुद्ध जोर लावावा लागतो आणि हात सैल सोडला की बोटं पुन्हा उघडतात. अंतराळात काम करणाऱ्यांची नखं या मोज्यांमुळे सुटल्याची नोंद आहे. अशा हातांनी रोप धरून तासन्‌तास चढणं अशक्यच समजा. तेव्हा अवघड प्रस्तरारोहण करायचंच असेल तर ते थोडक्यात ठेवा. गाठी आधीच मारून ठेवलेल्या, अडकवायचं सामान मोठ्या आकाराचं, आणि प्रत्येक जोडणी दुसऱ्याने तपासलेली. त्यात मंगळाची धूळ अतिशय बारीक, कॅराबिनरच्या स्प्रिंगमध्ये आणि पोशाखाच्या सांध्यांत शिरणारी. रोज संध्याकाळी सामान साफ करण्यात तासभर जातो हे लिहा. डोंगरावरचं खरं आयुष्य अशाच कामांत जातं.

कड्याकडे वळूया. आठ किलोमीटरचा कडा ऐकून मोह होणारच. पण ही मंडळी पहिल्यांदाच चढणारी असतील, तर त्यांनी कड्याला भिडू नये. कडा सगळीकडे सारखा नाही. काही ठिकाणी नंतरचा लाव्हा त्याच्यावरून खाली ओघळून त्याच्या सोंडा तयार झाल्या आहेत. मी नेता असते तर दिवस दोन दिवस जास्त लागले तरी अशी सोंड शोधली असती. खडक बेसाल्ट, म्हणजे जातीने आपल्याच ओळखीचा. सीताबर्डीची टेकडी दख्खनच्या लाव्ह्याचीच आहे, आणि नागपूर त्या लाव्ह्याच्या पूर्वेकडच्या काठावर वसलंय. सह्याद्रीत चढणाऱ्यांना माहीत असतं, की बेसाल्टचा एक थर पोलादासारखा निघतो आणि त्याच्या वरचा हाताने उपटता येतो. त्या कड्याच्या पायथ्याशी मोठमोठ्या दरडी कोसळल्याच्या खुणा आहेत, त्यामुळे तिथेही खडकावर आंधळा विश्वास नको.

पडण्याचं गणित मात्र तिथे दयाळू आहे. दहा मीटरवरून पडलं तर पृथ्वीवरच्या सुमारे पावणेचार मीटरइतकाच मार. हाड कदाचित वाचेल. पण काच तडकली किंवा पोशाख फाटला तर हाड वाचून उपयोग नाही. म्हणून जी घसरण इथे हसण्यावारी नेता येते, ती तिथे जिवावरची ठरू शकते.

वाऱ्याबद्दल थोडक्यातच. हवा इतकी विरळ, की ताशी शंभर किलोमीटरचा वारा आपल्याकडच्या बारा-तेरा किलोमीटरच्या झुळकीइतकाच रेटा देईल. तंबू उडून जाणार नाही. धुळीचं वादळ वेगळ्या रीतीने मारतं: सौर पट्ट्यांवर ऊन पोचत नाही. २०१८ च्या वादळात ऑपॉर्च्युनिटी ही मंगळगाडी अशीच कायमची गप्प झाली. १९७१ मध्ये मरिनर ९ यान मंगळापाशी पोचलं तेव्हा सगळा ग्रह धुळीत बुडाला होता आणि या डोंगरासारखे मोजके माथेच वर दिसत होते. कथेत वादळ हवं असेल तर ही एक नामी सोय आहे: खाली अंधार, वर ऊन.

आता मुख्य मुद्दा, परतीचा. परक्या भूमीवर डोंगर चढण्याचा एक प्रयत्न खरोखर झालेला आहे, आणि तो तुम्ही नीट अभ्यासावा असं मला फार वाटतं. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ चे ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल चंद्रावरच्या कोन विवराच्या काठाकडे हातगाडी ओढत चढत गेले. चढ फार तीव्र नव्हता. पण हवा नसल्याने लांबचंही जवळच्याइतकं स्पष्ट दिसत होतं. झाड नाही, घर नाही, अंतराचा अंदाज यायला काहीच नाही. प्रत्येक उंचवटा काठासारखा वाटायचा आणि पुढे आणखी एक निघायचा. हृदयाचे ठोके वाढले, वेळ संपत आली, आणि काठ न बघताच त्यांना फिरावं लागलं. नंतरच्या अभ्यासात कळलं, की ते काठापासून सुमारे ३० मीटरवर होते.

मला या प्रसंगात अपयश दिसत नाही. हवेचा साठा मोजून, ठरलेल्या वेळी माणसं फिरली आणि घरी आली. पुढच्या अपोलो मोहिमांत चंद्रावर गाडी नेली, तेव्हाही नियम हाच होता: गाडी बंद पडली तर पोशाखातल्या उरलेल्या हवेवर चालत यानापर्यंत पोचता येईल, त्याच्या पलीकडे जायचं नाही.

हिमालयात आम्ही शिखराच्या दिवशी फिरण्याची वेळ आधी ठरवतो. ती खाली, पोट भरलेलं असताना, डोकं शांत असताना ठरवायची. आणि ती वेळ झाली हे सांगण्याचं काम सगळ्यात पुढे असलेल्या माणसाकडे कधीही द्यायचं नाही, कारण शिखर समोर दिसत असताना त्याचं घड्याळ वेगळं चालतं. तुमच्या तुकडीतही हे काम दुसऱ्या कोणाकडे तरी द्या. पृथ्वीवरून कोणी सांगू शकणार नाही, कारण तिथून निरोप यायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. होकायंत्रही चालणार नाही, मंगळाला पृथ्वीसारखं सबंध ग्रहाचं चुंबकीय क्षेत्र नाही. वाट चुकली तर तिघांनाच निस्तरायचं आहे.

दिवसांचा हिशोब असा बसतो. सोंडेवरून कड्याच्या वर यायला तीन-चार दिवस. तिथून माथ्यावरच्या ज्वालामुखाच्या काठापर्यंत अडीचशे किलोमीटरच्या वर. रोज पंधरा किलोमीटर धरले तर सतरा-अठरा दिवस. परतीचे दिवस आणि अडचणींसाठी राखीव दिवस धरून मोहीम पन्नास दिवसांची. माणशी रोज साधारण ८५० ग्रॅम प्राणवायू, तीन लिटर पाणी आणि कोरडा शिधा मिळून साडेचार किलो. तिघांचे पन्नास दिवस म्हणजे साडेसहाशे किलोच्या वर, तंबू आणि बाकी यंत्रणा वेगळीच. हे पाठीवर जाणार नाही. म्हणून वाटेतले साठे आणि ओढायची गाडी लागणारच. रोजची चाल पोशाखातल्या सात-आठ तासांच्या हवेत बसवायची, आणि त्यातले निदान दोन तास हात न लावता ठेवायचे. हवा भरलेला तंबू उभा राहून आत दाब आल्याशिवाय तो दिवस संपला असं मानायचं नाही.

माथ्यावर काय मिळेल तेही सांगते. टोक नाही. सुमारे साठ बाय ऐंशी किलोमीटरचं, एकात एक कोसळलेल्या कुंडांचं प्रचंड ज्वालामुख आहे, तीन किलोमीटरपर्यंत खोल. पायथ्याचं मैदान तिथून दिसणार नाही, डोंगराचा उतारच क्षितिजापर्यंत जाईल. आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निरीक्षणांत या ज्वालामुखांत पहाटे पाण्याचं गोठलेलं दहिवर पडताना दिसलं आहे. केसाएवढाही जाड नसलेला थर, सूर्य उगवल्यावर काही तासांत उडून जाणारा. थंडीच्या मोसमात थारसिस या मंगळावरच्या ज्वालामुखींच्या भागात, सगळ्यांवर मिळून रोज सुमारे दीड लाख टन पाणी असं बसतं आणि उडतं. नायिका शिखरावर झेंडा रोवण्यापेक्षा पहाटे तिथे पोचून हे बघावं म्हणून निघाली असेल, तर मोहिमेला एक खरं कारण मिळतं आणि वेळेचं बंधनही. उशीर झाला तर दहिवर गेलेलं असेल, आणि त्यासाठी अंधारात चालायचं की नाही, यावर तिघांत वाद होऊ शकतो. तो वाद मला वाचायला आवडेल.

लिहिण्याआधी दोन गोष्टी करा. हिवाळ्यात एकदा लोणारला जाऊन विवरात उतरा. बेसाल्टमध्ये उल्केच्या आघाताने झालेलं ते विवर मंगळाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञही वापरतात. उतरायला आणि वर यायला लागलेला वेळ वेगवेगळा लिहून ठेवा. ज्वालामुखाच्या आत पाऊल टाकलं की परतीची वाट चढाची असते, हे पायांना कळायला हवं. दुसरं, हातात एकावर एक तीन हातमोजे घालून जाड दोरीची आठाची गाठ मारून बघा, आणि मग त्याच हातांनी ती सोडवा.

मग कागदावर आधी इतकंच ठरवा: शेवटचा तंबू कुठे आहे, पोशाखात किती तास हवा आहे, आणि फिरण्याची वेळ कोण सांगणार. हा तक्ता झाला की मला पाठवा, प्रकरण लिहायला घेण्याआधी मी तो तपासून देते.